शब्द सोपे केले की भीती कुठे जाते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंग्रजी शिकणाऱ्या प्रौढांसाठी आणि मोठ्या मुलांसाठी तुम्ही भयकथा आणि फँटसी सोप्या इंग्रजीत लिहिताय. काही जुन्या कथांची रूपांतरं आहेत, काही तुमच्या स्वतःच्या कथा. अशी पुस्तकं पायऱ्यापायऱ्यांनी निघतात आणि प्रत्येक पायरीला कोणते आणि किती शब्द चालतील याची यादी ठरलेली असते. मजकूर त्या शब्दयादीत बसवला की भयकथेतली भीती निघून जाते, आणि फँटसी कितीही सोपी केली तरी वाचणाऱ्याला जडच जाते. असं का होतं, आणि सुरुवात कोणत्या कथेपासून करावी?

दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत, पण त्यांची कारणं वेगवेगळी आहेत. भयकथेत वाचकाला काय आधी कळतं आणि काय नंतर, यावर सगळा खेळ असतो. शब्द बदलले तरी हा क्रम शाबूत ठेवता येतो, म्हणून भयकथा अगदी खालच्या पायरीपर्यंत नेता येते. फँटसीचं नवल मात्र बरंचसं नामांमध्ये असतं: प्राणी, देश, घराणी, शस्त्रं, शाप. तिथे शब्द कमी केले की ते जगच आकसतं. त्यामुळे दोघींना एकच औषध लावून चालत नाही. आधी भयकथेचं बघू, कारण तिथे हातात लगेच काहीतरी येतं.

समजा मूळ मजकुरातलं एक वाक्य असं आहे (मराठीत सांगते, म्हणजे बांधणी कळेल): मोडकळीला आलेल्या जिन्यावरून चढताना तिला एका अनाकलनीय भयाने ग्रासलं, कारण आपल्या आधी कुणीतरी वर गेलं आहे ही जाणीव काही केल्या तिच्या मनातून जाईना. नवखा रूपांतरकार याचं काय करतो? 'शी वॉज व्हेरी अफ्रेड. शी वेंट अप द ओल्ड स्टेअर्स. शी थॉट, समवन इज अपस्टेअर्स.' शब्द सोपे, व्याकरण सोपं, चूक एकही नाही. आणि वाचून कुणाच्याही अंगावर काटा येणार नाही. बाई घाबरली हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं, वर कुणीतरी आहे हे शेवटच्या वाक्यात सांगून टाकलं. वाचकाने स्वतः काढायचा निष्कर्ष लेखकानेच काढून दिला. मूळ वाक्यातही भावना आधी आहे, पण तिथे 'अनाकलनीय', 'ग्रासलं' असे वजनदार शब्द तिला तोलून धरतात. ते काढले की खाली उरतं फक्त एक निवेदन.

आता त्याच पायरीच्या शब्दांत हे बघा: 'देअर वॉज डस्ट ऑन द स्टेअर्स. शी लुक्ड डाऊन. इन द डस्ट शी सॉ द मार्क्स ऑफ फीट. स्मॉल फीट. दे वेंट अप. दे डिड नॉट कम डाऊन.' भूतकाळ अगदी साधा. भीतीसाठी एकही शब्द नाही. 'फुटप्रिंट'सुद्धा वापरलेला नाही. 'डस्ट' हा एकच शब्द त्या पायरीच्या यादीबाहेरचा असू शकेल, आणि तो मी खुशाल घेईन, कारण दृश्य त्याच्यावर उभं आहे. पावलं वर गेली, खाली आली नाहीत, म्हणजे काय, हे मी सांगितलेलं नाही. तो हिशोब वाचक करतो. परक्या भाषेत वाचताना स्वतः हिशोब करून एखादी गोष्ट उमगली की तिचा धक्का दुप्पट बसतो, कारण आपण भाषा समजलो आणि गोष्टही समजलो हे दोन्ही एकाच क्षणी घडतं.

वरच्या पायरीवर, जिथे पूर्ण भूतकाळ चालतो, तिथे 'समवन हॅड गॉन अप बिफोर हर' असं एका वाक्यात म्हणता येईल. पण ते जास्त चांगलं आहे असं मला वाटत नाही. वरची पायरी म्हणजे अधिक साधनं, एवढंच. ती सगळी वापरलीच पाहिजेत असा नियम नाही.

याला लागूनच खरी अडचण येते, आणि ती शब्दांची नसून व्याकरणाची आहे. भयकथा अनिश्चिततेवर चालते: असेल, असावं, जणू काही, भास झाला, कुणीतरी हलवलं असावं. इंग्रजीत हे सगळं सांगायला 'माइट हॅव बीन', 'मस्ट हॅव', 'ॲज इफ', कर्मणी प्रयोग, पूर्ण भूतकाळ लागतो. आणि ग्रेडेड रीडर्सच्या, म्हणजे अशा पायऱ्यांनी लिहिलेल्या वाचनपुस्तकांच्या, बहुतेक मालिकांमध्ये हे व्याकरण मधल्या किंवा वरच्या पायऱ्यांवर येतं. म्हणजे ज्या साधनांनी भीती तयार होते तीच खालच्या पायरीवर हातात नसतात. मग रूपांतरकार 'परहॅप्स' आणि 'मेबी' यांचा मारा करतो आणि पान लिबलिबीत होतं.

अनिश्चितता दुसऱ्या मार्गांनी आणता येते. एक म्हणजे नकार: 'द डोअर वॉज ओपन. आय डिड नॉट ओपन इट.' दुसरा, संवादात दोन माणसांचं न पटणं. एकजण म्हणतो वारा होता, दुसरा म्हणतो आज वारा नाही, आणि लेखक कुणाचीच बाजू घेत नाही. तिसरा, अनुत्तरित प्रश्न, पण तो पात्राच्या तोंडी. निवेदकाने 'हू वॉज इट?' असं विचारलं की ते मुलांच्या कार्यक्रमातल्यासारखं वाटतं. आणि चौथा मार्ग मला सर्वांत मोलाचा वाटतो: कोण पाहतंय ते क्रियापदातच ठेवणं. हेन्री जेम्सच्या 'द टर्न ऑफ द स्क्रू' (१८९८) या लघुकादंबरीत भुतं खरी आहेत की ती सांगणाऱ्या शिक्षिकेचा भ्रम आहे, यावर आजही वाद होतो. ती सोपी करताना लांबलचक वाक्यं तोडली की हा दुहेरीपणा नकळत मोडतो. 'देअर वॉज अ मॅन ॲट द विंडो' असं लिहिलंत की भूत खरं झालं, वाद संपला. 'आय सॉ अ मॅन ॲट द विंडो' असं लिहिलंत की दोन्ही शक्यता जिवंत राहतात. शब्दांच्या पायरीत काडीचा फरक नाही, आणि पुस्तक मात्र वेगळं झालं. अशा कथेचं रूपांतर करताना मी हस्तलिखितातलं प्रत्येक 'देअर वॉज' शोधून तपासते.

शब्दयाद्यांबद्दल आता थोडं, कारण त्यांच्यावर नको तितका विश्वास ठेवला जातो. ही कल्पना जुनी आहे. मायकेल वेस्ट यांनी १९२०च्या दशकात ढाक्यात शिकवताना मर्यादित शब्दांची वाचनपुस्तकं तयार केली आणि पुढे १९५३मध्ये सुमारे २,००० शब्दांची 'जनरल सर्व्हिस लिस्ट' प्रसिद्ध केली. आजच्या मालिका त्याच विचारावर चालतात. उदाहरणार्थ, ऑक्सफर्ड बुकवर्म्समध्ये सुरुवातीची पायरी २५० मूळशब्दांची आहे आणि पुढे ४००, ७००, १,०००, १,४००, १,८०० आणि २,५०० अशा पायऱ्या आहेत. मूळशब्द मोजताना 'गो', 'गोज', 'वेंट', 'गॉन' हा एकच शब्द धरतात. दुसऱ्या टोकाला, शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांच्या २००६च्या हिशोबाप्रमाणे न सोपी केलेली कादंबरी आरामात वाचायला आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबं (एक शब्द आणि त्यापासून बनलेले शब्द मिळून एक कुटुंब) माहीत असावी लागतात. आरामात म्हणजे शंभरातले साधारण ९८ शब्द ओळखीचे, पन्नासात एक अनोळखी. हे प्रमाण लक्षात ठेवा, ते यादीपेक्षा उपयोगी आहे. तीनशे शब्दांच्या पानावर सहा अनोळखी शब्द चालतात. बारा झाले की वाचक शब्दकोशाकडे वळतो, आणि भयकथेत शब्दकोश उघडला की भूत पळालं.

यादीत दोन मोठी छिद्रं आहेत. पहिलं, जोडक्रियापदं. 'गिव्ह', 'इन', 'मेक', 'अप', 'टर्न', 'आऊट' हे सगळे शब्द पहिल्याच पायरीचे आहेत, म्हणून संगणकाची चाचणी 'शी गेव्ह इन', 'ही मेड इट अप', 'इट टर्न्ड आऊट' यांना बिनदिक्कत पास करते. शिकणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही, आणि वाईट म्हणजे प्रत्येक शब्द ओळखीचा असल्याने कळलं नाही हेसुद्धा त्याला कळत नाही. 'ही मेड इट अप' पेक्षा 'इट वॉज नॉट ट्रू. ही इन्व्हेंटेड इट' हे यादीच्या दृष्टीने कठीण आणि वाचकाच्या दृष्टीने सोपं. ज्यांची मातृभाषा लॅटिनच्या कुळातली आहे त्यांना तर 'इन्व्हेंट' फुकटात मिळतं. दुसरं छिद्र विशेषनामांचं, त्याकडे फँटसीच्या वेळी येते.

यादीबाहेरचे किती शब्द घ्यायचे? माझी पद्धत अशी की कथा लिहायला घेण्यापूर्वीच ठरवायचं: या कथेला कोणते शब्द दिल्याशिवाय ती उभी राहणार नाही? थडगं, सावली, पंजा, धूळ, आरसा, जे काही असेल ते. खालच्या पायरीवर असे आठ-दहा घ्या आणि बाकी सगळीकडे कंजूषपणा करा. हे शब्द कथेला मिळालेला हातखर्च समजा. तो वातावरणनिर्मितीच्या विशेषणांवर उधळू नका. 'ग्लूमी', 'ईरी', 'सिनिस्टर', 'घास्टली' यांतला एकही शब्द मी सहसा घेत नाही. ते अर्थाने जवळजवळ सारखेच असतात आणि त्यातला कुठलाही काढला तरी गोष्ट जागची हलत नाही.

घेतलेला शब्द मात्र पुन्हा पुन्हा आला पाहिजे. एकदा भेटलेला शब्द टिकत नाही, तो वेगवेगळ्या जागी अनेकदा भेटावा लागतो, हे शिकवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. साध्या कौटुंबिक कथेत ही पुनरावृत्ती कृत्रिम वाटते. भयकथेला ती मनापासून हवी असते. रोज रात्री तोच आवाज, तेच दार, तीच तीन पावलं, आणि चौथ्या रात्री एकच गोष्ट वेगळी. 'डस्ट' जिन्यावर आला, मग पियानोवर आला, मग बिछान्यावर आला, आणि शेवटी: 'देअर वॉज नो डस्ट ऑन द चेअर.' शिकणाऱ्याने तो शब्द चौथ्यांदा वाचला आणि त्याच शब्दाने त्याला घाबरवलं. शिक्षकाची गरज आणि कथेची गरज इतकी एकमेकांना धरून चालते असा दुसरा कथाप्रकार मला माहीत नाही. म्हणून भयकथेत समानार्थी शब्द बदलत राहण्याची शाळेत लागलेली सवय सोडून द्या. आवाजाला पहिल्यांदा 'नॉक' म्हटलंत तर शेवटपर्यंत 'नॉक'च म्हणा, निदान तो आवाज बदलेपर्यंत.

आता फँटसी. इथे मी थोडी कडक होणार आहे, कारण सोप्या इंग्रजीतली बरीच फँटसी पुठ्ठ्याच्या नाटकासारखी वाटते.

पहिली गोष्ट नावांची. बहुतेक मालिका विशेषनामं शब्दसंख्येत धरत नाहीत. त्यामुळे कागदावर ४०० शब्दांची असलेली फँटसी प्रत्यक्षात ४०० अधिक तीस माणसं अधिक पंधरा गावं अधिक दोन तलवारी अशी असते, आणि त्या तलवारींनाही नावं असतात. शिकणाऱ्याला त्यातलं नाव कोणतं आणि साधा शब्द कोणता हेच आधी ओळखावं लागतं. ज्यांच्या लिपीत मोठं अक्षर नावाचा प्रकारच नसतो, त्या वाचकांना तर जास्तच. खालच्या पायरीवर नावं असलेली पात्रं चार-पाचांवर जाऊ देऊ नका. दोन नावं एकाच अक्षराने सुरू करू नका, एकाच लांबीचीही नकोत. उच्चार कसा करायचा हा प्रश्न पडेल असं नाव नको, कारण मनातल्या मनात उच्चार अडला की डोळा अडतो. जागांना शक्यतो साध्या शब्दांचीच नावं द्या: 'द व्हाइट हिल', 'द लास्ट ब्रिज', 'द टाउन अंडर द लेक'. ती कल्पित नावांपेक्षा वाईट नसतात, उलट चित्र लगेच उभं करतात. प्राण्यांचंही तसंच. नवा शब्द घडवण्यापेक्षा दोन ओळखीचे शब्द शेजारी ठेवा. 'स्टोन पीपल' म्हटलं की काम झालं.

दुसरी गोष्ट नियमांची. प्रत्येक अद्भुत जगाला नियम असतात आणि रूपांतरकाराला ते पहिल्या प्रकरणात समजावून सांगण्याचा मोह होतो. तिथेच वाचक गळतो. खालच्या पायरीवर एका कथेला एक नियम पुरे, आणि तो सांगण्याऐवजी कुणीतरी मोडताना दाखवा. नदीचं पाणी प्यायचं नाही असा नियम असेल तर एक तहानलेला भाऊ पुरेसा आहे. लोककथा वर्षानुवर्षं हेच करत आल्या आहेत. तीन भाऊ, तीन रात्री, तीन प्रश्न; दोनदा तेच घडतं, तिसऱ्यांदा वेगळं. भाषा शिकणाऱ्याला याहून चांगला साचा मिळणार नाही: पहिल्या फेरीत शब्द कळतात, दुसऱ्या फेरीत वेग येतो, तिसऱ्या फेरीत तो फरकाकडे लक्ष देऊ शकतो.

तिसरी गोष्ट, कथेत शिरतो कोण? आपल्या जगातून दुसऱ्या जगात जाणाऱ्या पात्राच्या कथा सर्वांत सोप्या जातात. 'ॲलिस इन वंडरलँड' (१८६५) आणि 'द विझर्ड ऑफ ओझ' (१९००) या दोन्ही कथा अशाच बांधणीच्या. तिथल्या मुलीला त्या जगातलं काही माहीत नसतं, म्हणून ती विचारते हे काय, तू कोण, का, आणि तिला साध्या भाषेत उत्तर मिळतं. परक्या भाषेत वाचणाऱ्याचीही स्थिती तीच असते. ('ॲलिस'मध्ये वेगळी अडचण आहे: अर्धी गंमत शब्दांवरच्या कोट्यांची आहे, आणि कोटी समजावून सांगितली की मेली. ज्या कोट्या त्या पायरीला कळणार नाहीत ते प्रसंगच सोडून द्या, तळटीपा देत बसू नका.) याउलट जिथे पहिल्या पानापासून सगळेच त्या जगाचे रहिवासी आहेत, वंशावळ्या आहेत, नकाशे आहेत, तशी कथा मधल्या पायरीच्या खाली नेऊच नका. नेता येते, पण जे उरतं ते घटनांची यादी असते.

भाषेचा जुना थाट कसा टिकवायचा असंही तुम्ही विचारलंय. जुने सर्वनाम, जुने प्रत्यय यांपैकी काहीही नको. शिकणारा ते खरं समजून वापरायला लागेल. त्याऐवजी राजाला, जादूगाराला, ड्रॅगनला संक्षिप्त रूपं वापरू देऊ नका. मुलगा म्हणतो 'आय वोंट गो'. म्हातारी म्हणते 'यू विल गो. यू विल गो टुनाइट.' दोन माणसांची वयं, अधिकार आणि जगं एवढ्यात वेगळी होतात, आणि पूर्ण रूपं नवशिक्याला वाचायलाही सोपी पडतात.

जुन्या कलाकृतींची रूपांतरं करताना शब्दांपेक्षा काटछाट जास्त महत्त्वाची. मेरी शेलीची 'फ्रँकेन्स्टाइन' (१८१८) सुमारे ७५,००० शब्दांची आहे. १,००० मूळशब्दांच्या पायरीवरचं पुस्तक साधारण दहा हजार शब्दांच्या आसपास असतं. म्हणजे सातातले सहा शब्द जाणारच आहेत. वाक्यावाक्यातून थोडं थोडं कापलंत तर सगळं रक्तहीन होतं. आख्खे प्रसंग, आख्खी माणसं काढा आणि जे ठेवाल त्याला ऐसपैस जागा द्या.

काय काढायचं यात मात्र किंमत मोजावी लागते. ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'त (१८९७) ल्यूसीला मागणी घालणारे तिघे आहेत आणि संक्षेप करणारे बहुधा क्विन्सी मॉरिस या अमेरिकन माणसावर कात्री चालवतात, कारण मधल्या भागात तो फारसा लागत नाही. पण शेवटी ड्रॅक्युलाच्या छातीत सुरा खुपसणारा आणि त्या झटापटीत मरणारा तोच आहे. त्याला काढलंत की सुरा दुसऱ्याच्या हातात द्यावा लागतो आणि विजय फुकटात मिळतो. चालेल का, हे तुम्ही ठरवा. पण आधी ठरवा आणि मग कापा.

'फ्रँकेन्स्टाइन'मध्ये उलटं होतं. फ्रँकेन्स्टाइनने घडवलेला तो प्राणी एका झोपडीला लागून असलेल्या खोपटात लपून राहतो, फटीतून एका कुटुंबाला पाहतो, त्यांच्याकडे आलेल्या परदेशी तरुणीला ते भाषा शिकवतात तेव्हा चोरून ऐकत स्वतःही शिकतो. बरीच रूपांतरं हे 'ही लर्न्ड टू स्पीक' अशा एका ओळीत उरकतात. माझ्या मते हा भाग सर्वांत शेवटी कापावा. परकी भाषा बाहेरून ऐकत, अर्धवट समजत, आपण बोललो तर हे लोक काय म्हणतील या धास्तीत शिकणारा माणूस हा तुमचा वाचकच आहे. व्याकरणही अगदी खालच्या पायरीवर बसतं, कारण त्या पात्रालाच तेवढं येत असतं.

आणि कृपा करून मूळ पुस्तक समोर ठेवून लिहा, आठवणीवर जाऊ नका. आपली आठवण चित्रपटांनी भरलेली असते. मानेत बोल्ट असलेला, सपाट डोक्याचा प्राणी १९३१च्या चित्रपटातला; शेलीच्या पुस्तकात तो तसा नाही. उन्हाने भस्म होणारा व्हँपायर १९२२च्या 'नोस्फेराटू' या मूकपटातून आला. स्टोकरचा ड्रॅक्युला दिवसा रस्त्यावर फिरतो, फक्त त्याच्या शक्ती कमी होतात. दुसऱ्या कुणाच्या सोप्या आवृत्तीवरूनही काम करू नका. मूळ कथा हक्कमुक्त असली तरी त्या आवृत्तीवर त्या रूपांतरकाराचा हक्क असतो. हक्काची मुदत देशानुसार बदलते, बऱ्याच ठिकाणी लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं आहे, काही ठिकाणी ६० किंवा ५०. ती संपलेली नसेल तर सोपं रूपांतर करायलाही परवानगी लागते.

पुस्तकाच्या बांधणीत भीती मारणाऱ्या काही सवयी आहेत. चित्रं खालच्या पायरीवर हवीतच, पण भयकथेत चित्रकाराला दार काढायला सांगा, दारामागचं नको. मुखपृष्ठावर राक्षस आला की आतल्या चाळीस पानांना काही काम उरत नाही. 'वाचण्यापूर्वी' या नावाखाली येणारे प्रश्न नीट बघा. 'तुमच्या मते मुलगा का मरतो?' असा प्रश्न पहिल्याच पानावर छापलेला मी पाहिलाय. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी आकलनाचे प्रश्न घालू नका, सगळे पुस्तकाच्या शेवटी न्या. वाचक अंधाऱ्या खोलीच्या दारात उभा असताना त्याला रिकाम्या जागा भरायला लावणं याला काय म्हणावं? शब्दार्थ पानाच्या तळाशी नकोत, मागे यादी द्या, आणि त्या यादीतही शेवट फोडणारा शब्द नाही ना ते तपासा.

कितपत भयानक चालेल, याला माझं उत्तर छोटं आहे. वर्गात वाचायचं असेल तर बसलेल्यांनी काय काय पाहिलंय ते तुम्हाला माहीत नसतं. युद्धातून, दंग्यातून निघून आलेले लोकही भाषेच्या वर्गात असतात. दार ठोठावण्याची भीती बहुतेकांना चालते, छळाची वर्णनं चालत नाहीत. सोप्या भाषेत क्रौर्य जास्त उघडं पडतं, कारण आडपडदा करणारी वाक्यरचना गेलेली असते. लहान किंवा भित्रा वाचक असेल तर ऑस्कर वाइल्डचं 'द कँटरव्हिल घोस्ट' (१८८७) घ्या, तिथे घरातली माणसंच भुताला जेरीस आणतात.

मजकूर तयार झाला की त्या पायरीच्या दोन-तीन शिकणाऱ्यांना द्या आणि समोर बसून बघा. 'समजलं का' असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. डोळे कुठे मागे जातात ते बघा. भयकथेत एखाद्या वाक्यावर थांबून वाचक मागचं पान उलटतो तेव्हा दोन शक्यता असतात: एकतर भाषा अडली, नाहीतर त्याला पावलं आठवली. चेहऱ्यावरून फरक सहज कळतो. शेवटच्या दोन पानांवर कुणी वेग कमी केला तर तिथे हमखास एखादं लांब वाक्य किंवा नवा शब्द शिरलेला असतो. शेवटच्या दोन पानांत नवा शब्द अजिबात नको, तिथलं सगळं आधी येऊन गेलेलं असावं.

सुरुवातीसाठी मी डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्जची 'द मंकीज पॉ' (१९०२) सुचवेन, ४०० किंवा ७०० शब्दांच्या पायरीवर. एक घर, आई-वडील आणि मुलगा, एक पाहुणा, तीन इच्छा. भाषा बहुतांशी संवादाची. जे भयंकर आहे ते आपल्याला कधीच दिसत नाही, फक्त दारावर ऐकू येतं. रूपांतर करताना एकच पथ्य पाळा: बाहेर काय उभं आहे त्याचं वर्णन चुकूनही करू नका, आणि तिसरी इच्छा काय होती ते शब्दांत लिहू नका, मूळ लेखकानेही लिहिलेली नाही. फँटसीसाठी मात्र रूपांतराने सुरुवात करू नका. स्वतःची कथा लिहा: एक माणूस, एक दार, पलीकडे एक नियम, पाच हजार शब्द. ती जमली की नाव असलेली पहिली तलवार आणायला हरकत नाही.